वाचनाची अडचण आणि उशिरा गवसलेली वाट

(पांढरकवडा येथील शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



वाचन-लेखनाची जी जन्मजात अडचण डिस्लेक्सिया या नावाने ओळखली जाते, ती असलेल्या माणसाला उत्तरायुष्यात कलेच्या क्षेत्रात आपले कार्य कसे सापडते, हा आजचा विषय आहे. प्राथमिक शिक्षकांच्या सभेत प्रौढांच्या व्यवसायाची चर्चा कशासाठी, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात आली असेल. तिचे उत्तर सरळ आहे. चाळिसाव्या वर्षी ज्याला आपली वाट सापडते, त्याची ती वाट बहुधा सातव्या-आठव्या वर्षी हरवलेली असते; आणि ती हरवते ते ठिकाण म्हणजे आपला वर्ग होय. म्हणून हा विषय इतर कोणाच्याही आधी आपला आहे.

प्रथम ही अडचण म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. तिचा बुद्धीच्या कमी-अधिकपणाशी संबंध नाही. मूल चुणचुणीत असते, त्याची दृष्टी व श्रवण निर्दोष असते, शाळेत ते नियमित येते, शिक्षकही मनापासून शिकवितात. आणि तरीसुद्धा अक्षर व त्याचा ध्वनी यांची सांगड त्याच्या मनात पक्की बसत नाही. शब्द फोडून त्यातील ध्वनी वेगळे करणे त्याला जड जाते. परिणामी त्याचे वाचन अडखळत, संथ व चुकत होते, आणि लेखनात अक्षरे गळतात किंवा जागा बदलतात. या मुलांना अक्षरे उलटी दिसतात, असा एक समज सर्वत्र आहे. परंतु मूळ अडचण डोळ्यांची नसून बहुतांशी ध्वनी ओळखण्याची आहे. ती पुष्कळदा घराण्यात चालत आलेली असते. ती जन्मभर राहते. मात्र योग्य पद्धतीने शिकविल्यास वाचन निश्चित सुधारते. वाचन, लेखन व गणित यांतील अशा अध्ययन अक्षमता निरनिराळ्या देशांत शाळकरी मुलांपैकी शेकडा ५ ते १५ जणांत आढळतात, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात असे एखाद-दुसरे मूल असणारच, असे धरून चालणे शहाणपणाचे होय.

या अडचणीला डिस्लेक्सिया हे नाव १८८७ साली रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने दिले. पुढे १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पर्सी हे त्या मुलाचे नाव. सात वर्षांचा होता तेव्हापासून शिक्षक त्याच्यावर कष्ट घेत होते, तरी स्वतःचे नावही तो चुकवी. 'पर्सी'चे 'प्रेसी' करी. परंतु ७४९ ला ८६७ ने गुणण्यास सांगताच त्याने ते झटपट व अचूक करून दाखविले. या लेखातील सर्वांत मोलाचे मत डॉक्टरांचे नाही, ते त्याच्या शिक्षकाचे आहे. सारे शिक्षण केवळ तोंडी असते तर हाच मुलगा शाळेतील सर्वांत हुशार ठरला असता, अशा आशयाचे त्या शिक्षकाने सांगितले होते. बंधुभगिनींनो, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, कोणतीही चाचणी हाताशी नसताना एका शाळामास्तराने हे ओळखले होते. जे त्याला दिसले ते आपणांस दिसू नये, असे काही कारण नाही.

या विषयाचा बहुजनसमाजाला परिचय झाला तो २००७ साली आलेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे. अमोल गुप्ते यांनी तो लिहिला व आमीर खान यांनी दिग्दर्शित केला. त्यातील ईशान हा मुलगा व निकुंभ नावाचे चित्रकला शिक्षक आपणां सर्वांना ठाऊक आहेत. चित्रपट उत्तम आहे. परंतु तेथे मुलाला शिक्षक वेळेवर भेटतात, आणि अडीच-तीन तासांत सर्व काही सुरळीत होते. ज्याला निकुंभ गुरुजी भेटलेच नाहीत, त्या मुलाचे पुढे काय होते? तो मोठा होतो, पोटामागे लागतो, संसार करतो. त्याच्या अंगच्या गुणाचे काय होते? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच राज्यात, मुंबईत घडलेल्या एका आयुष्यात सापडते. ते आयुष्य म्हणजे नट बोमन इराणी यांचे.

बोमन इराणी यांचा जन्म २ डिसेंबर १९५९ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या जन्मापूर्वीच वडिलांचे निधन झाले होते. आईने वेफर्स वगैरे खाद्यपदार्थांचे दुकान चालवून मुलांना वाढविले. लहानपणी आपणांस डिस्लेक्सिया होता, आणि उच्चारातही बोबडेपणा होता, हे त्यांनी स्वतःच अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. अशा मुलाची शाळेत काय अवस्था होते, हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही. वाचायला उभे केले की घाम फुटावा, आणि बोलू लागले की वर्ग हसावा, असा तो दुहेरी संकोच असतो.

शिक्षणानंतर त्यांनी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वेटरचे काम केले. पुढे घरच्या अडचणीमुळे ते दुकानावर बसू लागले, आणि तरुणपणाची अनेक वर्षे तेथेच गेली. तिशी ओलांडल्यावर त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय पत्करला. नंतर रंगभूमी आली. 'आय ॲम नॉट बाजीराव' या इंग्रजी नाटकात मराठी रंगभूमीचे लाडके नट सुधीर जोशी यांच्या जोडीने त्यांनी काम केले. १९९८ साली फिरोज अब्बास खान यांनी रंगमंचावर आणलेल्या 'महात्मा व्हर्सेस गांधी' या नाटकात ते गांधीजी झाले. महात्माजी व त्यांचे ज्येष्ठ पुत्र हरिलाल यांच्या संघर्षाचा हाच विषय अजित दळवी यांच्या 'गांधी विरुद्ध गांधी' या नाटकाने मराठी प्रेक्षकांसमोर आधीच ठेवला होता. त्यानंतर डिसेंबर २००३ मध्ये 'मुन्नाभाई एमबीबीएस' हा चित्रपट आला, आणि त्यातील डॉक्टर अस्थाना या भूमिकेने त्यांचे नाव घरोघरी पोचले. त्या वेळी त्यांचे वय चव्वेचाळीस वर्षांचे होते. इतर नट ज्या वयात उतरणीला लागतात, त्या वयात यांचा आरंभ झाला.

पुढे २००९ साली 'थ्री इडियट्स' या चित्रपटात त्यांनी वीरू सहस्रबुद्धे नावाचा महाविद्यालयप्रमुख रंगविला. विद्यार्थ्यांचे मोल गुणांवरून व क्रमांकावरून ठरविणारा, मागे पडणाऱ्याला तुच्छ लेखणारा हा अध्यापक ते बोबड्या उच्चारात बोलतात. ज्याला शाळेत वाचन जड जाई आणि बोबडेपणाचा संकोच वाटे, त्यानेच पन्नाशीच्या उंबरठ्यावर हे पात्र उभे करावे, आणि त्याच बोबडेपणाचा कलेसाठी उपयोग व्हावा, यातील मर्म आपण शिक्षकांनी तरी विसरू नये. कोरोनाच्या काळात, २०२० पासून, त्यांनी दूरस्थ पद्धतीने पटकथालेखनाचे वर्ग चालविले. त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट 'द मेहता बॉईज' २०२५ साली प्रेक्षकांसमोर आला, तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते. लेखनाची भीती ज्या वयात बसते तेथपासून लेखनाचे पाठ देण्यापर्यंतचा हा प्रवास अर्धशतकाचा आहे.

आता या आयुष्याकडे शिक्षकाच्या दृष्टीने पाहू. हा गुण चाळिशीत आकाशातून पडला काय? मुळीच नाही. त्यांच्या आईची या संदर्भातील हकीकत ते आवर्जून सांगतात. दुकानाजवळच्या चित्रपटगृहात ती त्यांना चित्रपट पाहण्यास धाडी, आणि नुसते पाहू नको, लक्षपूर्वक बघ, असा तिचा आग्रह असे. म्हणजे ज्या मुलाचे पुस्तकातून शिकणे अडले होते, त्याच्यासाठी त्या माउलीने डोळ्यांची व कानांची शाळा उघडी ठेवली. पुढे हॉटेलात त्याने माणसे पाहिली, दुकानात गिऱ्हाइकांच्या तऱ्हा पाहिल्या, छायाचित्रणात प्रकाश व चेहरा यांचा अभ्यास झाला. नटाचे शिक्षण ते याहून वेगळे काय असते? नाटकातील भाषणे तालमीत पुन्हा पुन्हा ऐकून, बोलून, वावरून पक्की होतात. तेथे डोळ्यांनी झरझर वाचण्यापेक्षा कानाचे व देहाचे स्मरण अधिक कामी येते. तेव्हा चव्वेचाळिसाव्या वर्षी दिसलेले फळ खरे, परंतु त्याचे बी आईने बालपणीच पेरले होते.

दुसरे एक उदाहरण परदेशातील आहे. फिलिप शुल्ट्झ हे अमेरिकन कवी १९४५ साली जन्मले. अकरा वर्षांचे होईपर्यंत त्यांना वाचता येत नव्हते. मला लेखक व्हायचे आहे, असे लहानपणी त्यांनी आपल्या शिकवणीच्या मास्तरांना सांगितले, तेव्हा मास्तर हसले, असे ते लिहितात. पुढे ते कवी झाले, लेखन शिकविणारी संस्था त्यांनी न्यूयॉर्कमध्ये काढली, आणि २००८ साली त्यांना कवितेसाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. आपल्या अडचणीला नाव आहे, हे मात्र त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी कळले. आणि तेही मुलाची शाळेत तपासणी झाली, त्या वेळी तज्ज्ञांनी जी लक्षणे वर्णन केली ती आपलीच आहेत, असे लक्षात आल्यामुळे. मुलाच्या तपासणीत बापाचे निदान झाले! अर्धशतकाहून अधिक काळ हा मनुष्य स्वतःला मठ्ठ समजत होता. त्यांच्या कविता त्या गैरसमजासकट लिहिल्या गेल्या. परंतु त्या गैरसमजाचे ओझे त्यांनी का वाहावे?

या दोन उदाहरणांवरून आपण काय घ्यावे, आणि काय घेऊ नये, याचा विचार आता करू. आजच्या भाषणाचा गाभा तोच आहे.

काय घेऊ नये ते आधी सांगतो. अशा गोष्टी ऐकल्या की, 'बरे झाले, वाचता न येणारीही मोठी होतात. याचेही पुढे काहीतरी होईल,' असे म्हणून शिक्षकाने निर्धास्त होण्याचा मोह असतो. हा मोह घातक आहे. एक इराणी व एक शुल्ट्झ आपणांस ठाऊक होतात, कारण ते वर आले. त्यांच्यासारखेच जे गुण अंगी असून वर आले नाहीत, त्यांची नावे कोणत्याही पत्रिकेत छापली जात नाहीत. उशिरा लाभलेले यश हे त्या माणसाचे भूषण आहे. तो उशीर मात्र आपल्या शिक्षणव्यवस्थेचे भूषण नव्हे. वीस-पंचवीस वर्षे संकोचात घालविल्याखेरीज कला फुलत नाही, असा काही नियम नाही. तेव्हा 'पुढे फुलेल' हे वाक्य त्या मुलाला वाचन शिकविण्याच्या कर्तव्यातून आपली सुटका करीत नाही.

दुसरी सावधगिरी. आइन्स्टाइन, एडिसन, लिओनार्दो हे सारे डिस्लेक्सिक होते, असे भाषणांतून व भित्तिपत्रकांतून सर्रास सांगितले जाते. त्यास भक्कम आधार नाही. आइन्स्टाइन तर बालपणापासून गंभीर ग्रंथ वाचीत असत. पालकाला धीर देण्यासाठीसुद्धा असत्याचा आश्रय करू नये. तसेच, डिस्लेक्सिया असलेले प्रत्येक मूल कलावंत असतेच, हेही सिद्ध झालेले नाही. एखादे मूल चांगला गवंडी, शेतकरी किंवा दुकानदार होईल, आणि तेही तितकेच प्रतिष्ठेचे आहे. वाचता येत नाही म्हणून मठ्ठ ठरविणे जसे अन्यायाचे, तसेच वाचता येत नाही म्हणजे प्रतिभावान असलाच पाहिजे असे ओझे लादणेही अन्यायाचेच.

तिसरी सावधगिरी अशी की, निरक्षरता व डिस्लेक्सिया यांची गल्लत करू नये. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, आणि तरी १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कवितांनी मराठी भाषा समृद्ध केली. त्यांना कोणी शाळेत घातलेच नव्हते. त्यांची अडचण समाजाने निर्माण केलेली होती. परंतु प्रतिभेचा झरा अक्षरज्ञानाच्या आधीपासून वाहत असतो, एवढे त्यांच्या उदाहरणावरून सिद्ध होते. आणि आपल्या विषयाला तेवढे पुरेसे आहे.

आता काय घ्यावे ते पाहू. माझ्या मते आपली कर्तव्ये दोन आहेत, आणि ती एकाच वेळी करावयाची आहेत. मुलाचे वाचन योग्य पद्धतीने सुधारणे, हे पहिले. आणि वाचन सुधारेपर्यंत त्याच्या इतर गुणांचे दार उघडे ठेवणे, हे दुसरे. पहिले सोडून दुसरे केले तर मूल परावलंबी राहते. दुसरे सोडून पहिलेच केले तर मूल स्वतःला मठ्ठ समजू लागते, आणि मग वाचायलाही शिकत नाही.

पहिल्या कर्तव्याचा आपल्या भागापुरता विचार करू. केळापूर तालुक्यात व आसपास कोलामी, गोंडी, गोरमाटी व तेलुगू बोलणाऱ्या घरांतील मुले आपल्या शाळांत येतात. मराठी पुस्तकात अडखळणारे कोलाम मूल डिस्लेक्सिक आहे, असे समजणे म्हणजे मोठीच चूक होय. त्याच्यासाठी ती भाषाच नवी आहे. म्हणून आधी त्याच्या घरच्या बोलीत त्याला गोष्ट सांगता येते काय, ते पाहावे. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत किंवा स्थलांतरामुळे त्याची शाळा किती बुडाली, ते हजेरीपटावरून पाहावे. शाळेच्या आरोग्य तपासणीच्या वेळी त्याचे डोळे व कान आवर्जून तपासून घ्यावेत. हे सर्व पाहूनही, दोन-तीन महिने नेटाने शिकवूनही, अडचण तशीच राहिली, तर मात्र शंका घ्यावी. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. कोणत्याही मुलास आपण होऊन नाव चिकटवू नये. गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांकडे ते प्रकरण न्यावे, आणि पालकांना सौम्य शब्दांत सांगावे.

येथे कायद्याचीही माहिती असावी. १९९५ च्या कायद्यातील अपंगत्वाच्या प्रकारांत या अडचणीचा समावेश नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये जे २१ प्रकार नमूद केले आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता या नावाने तिला स्थान मिळाले. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत अधिक वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. मुंबईत १९९६ साली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. परंतु महानगरातील पालकास जी वाट सहज सापडते ती पाड्यावरील पालकास सापडत नाही. त्याच्यासाठी शिक्षक हाच वाटाड्या होय.

शिकविण्याच्या पद्धतीबद्दल थोडेसे. आपल्या देवनागरीत ध्वनी व अक्षर यांचा मेळ इंग्रजीपेक्षा पुष्कळ सरळ आहे, ही मोठी अनुकूलता आहे. तथापि तिच्याही काही अवघड जागा आहेत. 'ब' व 'व', 'भ' व 'म', 'घ' व 'ध', 'थ' व 'य', 'प' व 'ष' ही दिसायला जवळची अक्षरे आहेत. 'कि' मध्ये वेलांटी आधी लिहिली जाते, परंतु तिचा उच्चार मागून होतो. 'र' तर 'क्र', 'र्क', 'ट्र' व 'ऱ्य' अशी चार रूपे घेतो. अशा वेळी संपूर्ण बाराखडी घोकून घेण्यापेक्षा आधी ध्वनींचे खेळ घ्यावेत. 'कमळ' या शब्दाच्या आरंभी कोणता ध्वनी, शेवटी कोणता, मधला काढला तर काय उरते, हे टाळ्यांच्या तालावर तोंडी विचारावे. सारखी दिसणारी दोन अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत. पहिले पक्के झाल्यावरच दुसरे घ्यावे. अक्षराचा ध्वनी मोठ्याने म्हणत ते ताटातील वाळूवर किंवा ज्वारीच्या दाण्यांवर बोटाने गिरवावे, म्हणजे डोळा, कान व हात तिघेही एकत्र शिकतात. धडे थोडे व रोजचे असावेत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर आपण मोठी माणसेही करतो. तेवढ्यावरून शंका घेऊ नये आणि तेवढ्यासाठी लाल शाईने वहीही रंगवू नये. तयारी नसताना अशा मुलाला सर्व वर्गापुढे मोठ्याने वाचायला उभे करणे टाळावे. उद्या वाचावयाचा परिच्छेद त्याला आजच घरी द्यावा. विज्ञान, परिसर या विषयांत त्याचे तोंडी उत्तर ग्राह्य धरावे. कारण तेथे आपण परिसराचे ज्ञान तपासतो, वाचनाचे नव्हे.

दुसऱ्या कर्तव्यासाठी मी एक साधी सूचना करतो. तिला पैसा लागत नाही व वेगळा अहवालही लागत नाही. प्रत्येक वर्गशिक्षकाने एका शंभर पानी वहीत प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवावे, आणि मुलाला कोणी काही सांगितलेले नसते तेव्हा ते काय करते, एवढेच त्या पानावर लिहावे. पोळ्याला बैलाची शिंगे कोण सुबक रंगवितो, मातीचे बैल कोण घडवितो, गावात दंडार होते तेव्हा कोण सर्व सोंगे हुबेहूब करून दाखवितो, भजनात ठेका कोणाचा अचूक पडतो, बिघडलेली सायकल कोण उलगडतो व पुन्हा जुळवितो, लहान भावंडांना गोष्ट सांगून कोण गुंगवितो, या नोंदी परीक्षेच्या कोणत्याही रकान्यात बसत नाहीत. परंतु मूल चौथीतून पाचवीत जाते तेव्हा प्रगतिपत्रकासोबत हे पान पुढच्या शिक्षकाच्या हाती पडले, तर वाचनात 'ड' श्रेणी असलेल्या मुलाची दुसरी बाजूही त्याच्याबरोबर वर चढते. बोमन इराणींच्या आईने जे एका मुलासाठी केले, ते आपण वर्गासाठी करू शकतो.

शेवटचा मुद्दा प्रौढांविषयी आहे, आणि तो आपल्या कक्षेबाहेरचा नाही. २०२२ ते २०२७ या काळासाठी मंजूर झालेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात, म्हणजेच 'उल्लास'मध्ये, पंधरा वर्षांवरील असाक्षरांचा शोध घेण्याचे काम आपण केलेले आहे. त्या पाहणीत असेही स्त्री-पुरुष भेटतात, जे तीन-चार इयत्ता शाळेत गेले होते, परंतु वाचायला शिकलेच नाहीत. 'माझं डोकंच चालत नव्हतं, गुरुजी,' असे ते हसत सांगतात. त्या हसण्यावर विसंबू नये. त्यांपैकी काहींच्या बाबतीत कारण गरिबीचे असेल, काहींच्या बाबतीत भाषेचे असेल. परंतु काहींच्या बाबतीत ते हेच असू शकेल. ज्या पालकाच्या मुलाला वाचन जड जाते, त्याला आपण सहज विचारावे, 'तुम्हांला शाळेत असताना असंच होत होतं का?' शुल्ट्झ यांना जे मुलामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षी कळले, ते आपल्या गावातील एखाद्या बापाला पस्तिसाव्या वर्षी कळेल. आपण मठ्ठ नव्हतो, आपणांस निराळ्या पद्धतीने शिकवावयास हवे होते, एवढे समजल्याने माणसाची मान थोडी वर होते. आणि मान वर झालेला बाप मुलाला वहीवरून मारीत नाही.

अशा प्रौढांच्या हातातील कला शाळेत आणावी, अशी माझी विनंती आहे. गावातील पाट्या रंगविणारा, गणपती व बैल घडविणारा, दंडारीत सोंग काढणारा, बुरूडकाम करणारा, यांना महिन्यातून एकदा वर्गात बोलवावे. ते शाळेत शिकले की नाही, हे विचारू नये. त्यांनी मुलांसमोर बसून काम करावे आणि मुलांनी पाहावे. वाचनात मागे पडणाऱ्या मुलाला त्या दिवशी प्रथमच असे कळेल, की अक्षरांखेरीजही माणसाला काही येऊ शकते, आणि ज्याला ते येते त्याला शाळा मान देते. त्या गृहस्थालाही, वयाच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या वर्षी का होईना, आपल्या हातातील गोष्ट ही विद्या आहे असे प्रथम कळेल. उत्तरायुष्यात कलेची वाट सापडणे म्हणजे प्रत्येक वेळी चित्रपटात नाव झळकणे नव्हे. जे काम आपण आजवर लपूनछपून, फावल्या वेळात केले, त्याला लोकांनी काम म्हणून ओळखावे, त्याचा मोबदला द्यावा आणि आपणही ते संकोच न करता करावे, एवढे घडले तरी ती वाट सापडली असे समजावे.

बंधुभगिनींनो, मुलाने तिसरीअखेर समजपूर्वक वाचावे, ही अपेक्षा आपणांकडून आज केली जाते, आणि ती रास्त आहे. त्या अपेक्षेला न पोचणारे एखाद-दुसरे मूल प्रत्येक वर्गात असणार आहे. त्याच्याकडे वेळ द्यायला हवा, आणि तो आपल्याकडे कमी असतो, याची मला पूर्ण जाणीव आहे. एकशिक्षकी व दोनशिक्षकी शाळांचे काम मी जवळून पाहतो. म्हणून फार काही न सांगता एवढेच सांगतो, की येत्या सोमवारपासून प्रत्येकाने आपल्या वर्गातील असे एकच मूल निवडावे. त्याच्यासोबत रोज दहा मिनिटे ध्वनींचे खेळ घ्यावेत, आणि त्याच्या नावाचे पान उघडून त्यावर एक ओळ लिहावी. पुढील परिषदेस येताना ती वही सोबत आणावी. आपण ती पाने एकत्र बसून वाचू.